कीर्तीचे माप : बीटल्स आणि काशी

काशीच्या पैलतीरावर रामनगर आहे. काशीनरेशांचा किल्ला तेथेच असून त्या किल्ल्याच्या आश्रयाने दरवर्षी अनंत चतुर्दशीपासून कोजागरीच्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक महिना, रामलीला चालते. या लीलेला एकच एक रंगमंच नाही. गावाचा एक भाग अयोध्या होतो, दुसरा जनकपूर, तिसरा लंका; आणि प्रेक्षक रामाच्या मागोमाग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत राहतात. काशीनरेश हत्तीवरून येतात. रामायणी तुलसीदासांचे मानस गातात आणि संवादाची वेळ आली की गर्दीला गप्प राहण्याची आरोळी दिली जाते. ध्वनिवर्धक तेथे वापरीत नाहीत, विजेच्या दिव्यांचा झगमगाटही नाही. हजारो माणसे श्वास रोखून ऐकतात, आणि म्हणूनच त्यांना ऐकू येते.

१९६६ सालच्या शरद ऋतूत या गर्दीत तेवीस वर्षांचा एक इंग्रज तरुण उभा होता. त्याचे नाव जॉर्ज हॅरिसन. लिव्हरपूल शहरातील चार तरुणांच्या ‘बीटल्स’ या वाद्यमेळाचा तो एक घटक. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९६५ रोजी, न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये सुमारे पंचावन्न हजार लोकांपुढे त्या चौघांचा कार्यक्रम झाला होता. श्रोत्यांच्या किंकाळ्या इतक्या प्रचंड होत्या की मैदानावरील ध्वनिवर्धकांचा आवाज त्यात बुडून गेला, आणि आपण काय वाजवीत आहो हे वादकांनाच ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅनफ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून केलेला अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला आणि त्यानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबविले. पुढे काही आठवड्यांतच हॅरिसन हिंदुस्थानात सतार शिकावयास आला, आणि त्या प्रवासात गुरूंच्या जन्मगावी, काशीस, येऊन रामनगरच्या त्या जनसमुदायात मिसळून गेला.

एका मैदानात पंचावन्न हजार लोक, अद्ययावत यंत्रसामग्री, आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. दुसऱ्या मैदानात तितकीच अफाट गर्दी, यंत्र एकही नाही, आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचतो आहे. हा विरोध ध्यानात घेतला की बीटल्सविषयी जो प्रश्न गेली साठ वर्षे पुनःपुन्हा विचारला जातो, त्याला एक वेगळीच धार येते. या वाद्यमेळाला जी अलोट कीर्ती लाभली, ती त्याच्या योग्यतेची होती काय? की शी स्टेडियमवरील किंकाळ्यांप्रमाणे कीर्तीचा गोंगाटच एवढा झाला, की मूळ संगीत कोणी ऐकलेच नाही?

या प्रश्नाचा विचार इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ झाला आहे. तो काशीच्या घाटावर बसून करण्याचे कारण असे, की या कीर्तीचा एक मोठा हिस्सा हिंदुस्थानशी निगडित आहे. बीटल्सनी भारतीय संगीत जगाला दाखविले, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांनीच रविशंकरांना मोठे केले, असे म्हणणारेही आहेत. आणि रविशंकर तर काशीचे सुपुत्र. त्यांचा जन्म ७ एप्रिल १९२० रोजी काशीतील एका बंगाली कुटुंबात झाला. तेव्हा या कीर्तीच्या हिशेबात काशीचेही एक खाते आहे. ते उघडून पाहणे अनाठायी होणार नाही.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. टीकाकार म्हणतात की बीटल्स ही बाजाराची निर्मिती होती. युद्धानंतर जन्मलेली पिढी वयात येत होती, तिच्या खिशात प्रथमच पैसा खुळखुळू लागला होता, घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचली होती, आणि तबकड्यांच्या कंपन्यांना नवे चेहरे हवे होते. फेब्रुवारी १९६४ मध्ये हे चौघे अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम झळकले, तेव्हा सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिल्याचा अंदाज आहे. इतके डोळे एका वेळी एका ठिकाणी खिळले, तर कोणीही प्रसिद्ध होईल. शिवाय त्या चौघांपैकी एकालाही स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती.

या आक्षेपांत तथ्य आहे, परंतु पूर्ण तथ्य नाही. स्वरलिपीचा मुद्दा तर आपल्याकडे कोणी फारसा मनावर घेणार नाही. कारण ज्यांना स्वरलिपीचे एक अक्षर येत नव्हते, अशा उस्तादांनीच आपले संगीत शतकानुशतके सांभाळले. आणि तयारीविषयी म्हणावयाचे, तर या तरुणांनी १९६० ते १९६२ या काळात जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात, खलाशांच्या वस्तीतील मद्यगृहांत, एकेका रात्री सहा-सहा, आठ-आठ तास गाऊन-वाजवून उमेदवारी केली होती. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या दीर्घ तबकडीतील चौदापैकी दहा गीते ध्वनिमुद्रित केली. अंगी हाडाचा सराव असल्याखेरीज असे काम होत नाही. आपल्याकडे ज्याला रियाज म्हणतात, त्याच्याच जातीची ती गोष्ट होती. फक्त तिची जागा देवळाचा ओटा नसून दारूचा गुत्ता होता.

पुढे १९६६ नंतर, दौरे थांबल्यावर, त्यांनी जे केले ते अधिक विचारणीय आहे. प्रेक्षकांसमोर आपले वादन कोणी ऐकत नाही, हे उमजल्यावर ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन बसले. जॉर्ज मार्टिन हा संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला निर्माता त्यांच्या पाठीशी होता. ज्यांनी एका दिवसात दहा गीते मुद्रित केली होती, त्यांनीच १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीसाठी जवळजवळ पाच महिने खर्ची घातले. ध्वनिफीत उलटी फिरविणे, तिचा वेग बदलणे, एका मुद्रणावर दुसरे चढविणे, साध्या गीताला तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ देणे, अशा अनेक प्रकारांनी त्यांनी ध्वनिमुद्रण हीच एक स्वतंत्र कला आहे, हे सामान्य श्रोत्याला पटवून दिले. १९७० साली वाद्यमेळ मोडला, तोवर त्यांनी सुमारे दोनशे गीते मागे ठेवली होती. त्यांतील बरीचशी साधारण आहेत. काही बालिशही आहेत. परंतु चाळीस-पन्नास गीते अशी आहेत की ज्यांच्या चाली त्या पिढीबरोबर नाहीशा झाल्या नाहीत. ज्या गीतांना किंकाळ्या फोडणारे श्रोते आज नातवंडांचे आजी-आजोबा झाले, ती गीते नातवंडेही गुणगुणतात. साठ वर्षांचा काळ हा कोणत्याही जाहिरातदाराच्या हातात नसतो. गीतकार आणि ध्वनिमुद्रणाचे कलावंत म्हणून बीटल्सना मिळालेली कीर्ती न्याय्य आहे, असा निर्णय द्यावयास हरकत नाही.

परंतु दुसरा दावा, भारतीय संगीत जगाला दाखविल्याचा, इतक्या सहजासहजी मान्य होण्याजोगा नाही. येथे सालांचा हिशेब मांडणे बरे. बडोद्याचे इनायत खाँ १९१० मध्येच आपले संगीत घेऊन अमेरिकेस गेले होते. उदयशंकर यांनी १९३० नंतर पॅरिसमध्ये बिऱ्हाड करून आपल्या नृत्यपथकासह युरोप-अमेरिकेत दौरे केले. त्या पथकात त्यांचा धाकटा भाऊ रवी दहा वर्षांच्या वयापासून होता. १९३५ मध्ये त्याच पथकाबरोबर मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ युरोपात गेले. तेथेच त्यांनी रवीमधील गुण हेरले आणि त्याचबरोबर, अनेक गोष्टी एकदम करू पाहणाऱ्या या मुलाला एका गोष्टीत बुडून जाण्याची गरज आहे, हेही त्याला सुनावले. १९३८ मध्ये अठरा वर्षांचा रवी पॅरिसचे झगमगते जीवन, रेशमी कपडे आणि नृत्य हे सारे सोडून मैहरच्या खेड्यात गुरूच्या दाराशी आला आणि सुमारे सहा वर्षे तेथे राहिला.

पुढील साले तितकीच बोलकी आहेत. १९४९ ते १९५६ रविशंकर आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर होते आणि तेथील वाद्यवृंदाचे त्यांनी संचालन केले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले आणि रविशंकरांच्या वादनाने प्रभावित झाले. १९५५ मध्ये मेन्युहिन यांच्याच पुढाकाराने अली अकबर खाँ यांचे सरोदवादन न्यूयॉर्कमध्ये झाले. त्याच वर्षी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. त्याचे संगीत रविशंकरांचे. १९५६ मध्ये नोकरी सोडून ते स्वतः इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. अमेरिकन जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांना त्यांच्या संगीताची एवढी ओढ लागली की १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. तात्पर्य, बीटल्सपैकी कोणी सतारीला हात लावण्यापूर्वी हे दार उघडलेले होते. ते उघडणाऱ्यांचे कष्ट विसरून, त्यातून मागाहून आलेल्या तरुणांच्या नावे ते लिहिणे हा इतिहासाचा अपलाप होय.

ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वूड’ या गीतात हॅरिसनने प्रथम सतार वाजविली. ती रीतसर न शिकता, गिटारीसारखी धरून, कानाला गोड वाटेल तशी वाजविली होती. मुद्रणाच्या वेळी सतारीची तार तुटली, तेव्हा नवी तार मिळविण्यासाठी लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेकडे विचारणा करावी लागली. ही संस्था आयन अंगडी या भारतीय गृहस्थाने आणि त्यांच्या इंग्रज पत्नीने चालविली होती. दुसऱ्या वर्षी, जून १९६६ मध्ये, याच दांपत्याच्या ओळखीतून हॅरिसन आणि रविशंकर यांची भेट झाली. रविशंकरांनी ते गीत मागाहून ऐकले. पण त्यातील सतारवादनाने ते मुळीच भारावून गेले नव्हते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. या वाद्याच्या मागे किती वर्षांची साधना असते, याची त्यांनी त्या तरुणाला कल्पना दिली, आणि शिकावयाचे असेल तर शिकविण्याची तयारीही दाखविली.

येथे या कथेतील खरी महत्त्वाची गोष्ट घडते. तेवीस वर्षांचा, जगातील चार सर्वांत प्रसिद्ध तरुणांपैकी एक असलेला हा मुलगा शिकावयास तयार झाला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो मुंबईस आला आणि खोटे नाव घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख पटायला वेळ लागला नाही. हॉटेलाभोवती तरुण-तरुणींची गर्दी होऊ लागली. तेव्हा गुरुशिष्यांनी मुंबई सोडली. श्रीनगरच्या हाऊसबोटीत सतारीचे पाठ झाले आणि या सहा आठवड्यांच्या मुक्कामातच काशीचेही दर्शन घडले. हातास घट्टे पडेपर्यंत सरगम आणि पलटे घोटणे, मांडी घालून तासन् तास बसण्याने पाय आखडणे, चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, हे त्याने सोसले. कीर्ती मिळाल्यावर शिकणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे कोणत्याही क्षेत्रातील यशस्वी माणसाला विचारावे.

तथापि हॅरिसन सतारिया झाला नाही. पुढे दोन वर्षांच्या आतच त्याने ओळखले की जे बालपणापासून या वाद्यावर बसले आहेत, त्यांच्या पंक्तीस आपण कधी जाऊ शकणार नाही. आणि तो आपल्या गिटारीकडे परतला. ही कबुली त्याने लपविली नाही. एखाद्या कमी प्रामाणिक माणसाने तेवढ्या शिदोरीवर स्वतःस सतारीचा आचार्य म्हणवून घेतले असते, आणि त्या दिवसांत जगाने त्याचे ते म्हणणे मान्यही केले असते. आपल्या मर्यादेची ही जाणीव त्याला त्या शिक्षणातूनच मिळाली, असे म्हटले पाहिजे. त्याने रविशंकरांशी जोडलेले नाते मात्र २९ नोव्हेंबर २००१ रोजी त्याच्या मृत्यूपर्यंत अखंड राहिले.

कीर्तीच्या हिशेबात जमेच्या बाजूस हे लिहिल्यावर खर्चाच्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. १९६६ मध्ये ‘लव्ह यू टू’ या गीताला तबल्याची साथ केली ती अनिल भागवत या लंडनमधील मराठी नावाच्या वादकाने, आणि तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव छापले गेले. परंतु १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये ‘विदिन यू विदाऊट यू’ या गीतासाठी जे भारतीय वादक बसले, त्यांचा नामोल्लेख वेष्टनावर नव्हता. त्या वेष्टनावर चित्ररूपाने जगातील कितीतरी प्रसिद्ध माणसे उभी केली होती; भारतातील काही योगीपुरुषांनाही त्यात स्थान होते. परंतु आत प्रत्यक्ष दिलरुबा वाजविणाऱ्यांना ते नव्हते. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर हे ते दिलरुबावादक, बुद्धदेव कंसारा हे तंबोऱ्यावर आणि नटवर सोनी हे तबल्यावर, ही नावे लोकांसमोर आली ती २०१७ मध्ये, पन्नास वर्षांनी. तबकडीच्या लाखो प्रती खपल्या, तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले, आणि अर्ध्या शतकाच्या या अवधीत कोट्यवधी लोकांनी अण्णा जोशींचा गज ऐकला. त्यांचे नाव मात्र कोणास ठाऊक नव्हते.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईस येऊन हिंदुस्थानी वादकांकडून काही संगीत मुद्रित करून घेतले. त्या वादकांत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा हे तरुण होते. आशिष खाँ, महापुरुष मिश्र हेही होते. त्याच मुद्रणांतून ‘द इनर लाईट’ हे गीत तयार झाले. यांपैकी काहींची नावे पुढे भारतभर दुमदुमली. परंतु त्यांची ती कीर्ती इंग्लंडमधून आली नाही, ती येथल्या मैफलींत मिळविलेली होती. तेव्हा बीटल्सच्या ‘भारतीय’ गीतांचे श्रेय वाटताना त्याचा बराच भाग या बसलेल्या मंडळींकडे जातो, हे मान्य करणे न्यायाचे ठरेल.

आता उरला तिसरा दावा : बीटल्सनी रविशंकरांना मोठे केले. १९५६ पासूनची वाटचाल ध्यानी घेता रविशंकर मोठे होतेच, हे स्पष्ट आहे. बीटल्समुळे त्यांच्या श्रोत्यांची संख्या वाढली, हेही तितकेच खरे. परंतु संख्येबरोबर संकटही आले. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे त्यांनी अल्लारखाँ यांच्या साथीने दुपारभर वादन केले आणि हजारो तरुण तल्लीन झाले. पण त्याच उत्सवात एका वाद्यमेळाने आपली वाद्ये आपटून फोडली, आणि दुसऱ्या एका थोर गिटारवादकाने आपल्या गिटारीस व्यासपीठावर आग लावली. ज्या देशात खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, आणि ज्या देशात वाद्याला पाय लागला तर लहान मूलही त्याला हात लावून नमस्कार करते, त्या देशाच्या कलावंताला हे पाहवले नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे पावसात, चिखलात, नशेत असलेल्या लाखोंच्या समुदायापुढे वाजविताना त्यांचे मन पूर्ण विटले. आपल्या संगीताला पूजेचे पावित्र्य आहे, ते अमली पदार्थांच्या साथीने ऐकावयाचे नाही, असे ते श्रोत्यांना सांगत राहिले. इकडे मायदेशी उलटाच आरोप झाला. रविशंकर हिप्पी झाले, त्यांनी राग बाजारात मांडले, पाश्चात्त्यांना खूश करण्यासाठी आलाप आखूड केला, असे रसिकांतीलच काही लोक म्हणू लागले. परदेशात त्यांना न समजून डोक्यावर घेणारे, आणि स्वदेशात त्यांना न ऐकताच खाली ढकलणारे, अशा दोन गोंगाटांच्या मध्ये तो कलावंत काही वर्षे सापडला होता.

या साऱ्या संबंधाचे उजळ फळ १ ऑगस्ट १९७१ रोजी दिसले. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात येत होते. रविशंकर जन्माने बंगाली. त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी हॅरिसनला विचारले, आणि थोड्या आठवड्यांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम उभे राहिले. सुमारे चाळीस हजार लोक आले. प्रारंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळविली, तेव्हा श्रोत्यांनी ते वादनच समजून टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्ये जुळविणे एवढे आवडले असेल तर प्रत्यक्ष वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे शब्द रविशंकरांनी हसत उच्चारले, आणि ते वाक्य अजरामर झाले. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफकडे दिले गेले. तबकडी आणि चित्रपटाचा पुष्कळसा पैसा अमेरिकेतील करविषयक चौकशीत अनेक वर्षे अडकून पडला, कारण आगाऊ करावयाची नोंदणी घाईत राहून गेली होती. चांगल्या कामालाही कागद लागतो, हा धडा पुढील अशा उपक्रमांनी त्यातून घेतला. परंतु बांगलादेश हे नाव त्या दिवशी जगाच्या तोंडी झाले, आणि ते करून देण्यात एका सतारियाचा आणि त्याच्या अर्धवट राहिलेल्या शिष्याचा वाटा होता. त्या रात्री कीर्ती हे केवळ भूषण राहिले नाही; ती उपयोगास आली.

मग काशीचे माप काय सांगते? काशीत कीर्तीचे माप नेहमीच निराळे राहिले आहे. कंठे महाराज, अनोखेलाल मिश्र, किशन महाराज या तबलियांचे नाव आधी गल्लीत झाले, मग नगरात आणि त्यानंतर देशात. बिस्मिल्ला खाँ यांनी पंचगंगा घाटाजवळील बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला. अमेरिकेत स्थायिक होण्याविषयी कोणी सुचविले, तेव्हा त्यांनी तेथे गंगा आणता येईल काय असे विचारल्याचे सांगतात. २००१ मध्ये भारतरत्न झाल्यावरही ते त्याच गल्लीत, त्याच घरात राहिले. रविशंकरांना तो सन्मान १९९९ मध्ये मिळाला होता. एक जगभर फिरला, दुसरा गंगा सोडून राहिला नाही. काशीने दोघांनाही आपले मानले. कारण काशी विचारते ते एवढेच : गुरू कोण, किती वर्षे बसला, आणि समोर चारच जाणकार असताना कसे वाजविले?

परंतु या मापाचाही अभिमान फार धरण्याचे कारण नाही. याच काशीच्या ठुमरीचे वैभव असलेल्या रसूलनबाईंना १९५७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ च्या अहमदाबादमधील दंगलीत त्यांचे घर जळाले आणि १९७४ मध्ये हलाखीतच त्यांचा अंत झाला. चार जाणकारांनी त्यांची योग्यता पूर्णपणे ओळखली होती. तरीही त्या ओळखीचे रूपांतर दोन वेळच्या निश्चिंतीत झाले नाही. परदेशी कीर्ती आंधळी असते, असे म्हणताना आपली डोळस कीर्ती पुष्कळदा रिकाम्या हाताची असते, हे विसरू नये. ज्या वर्षी वुडस्टॉकच्या चिखलात लाखो लोक सतारीला टाळ्या देत होते, त्याच वर्षी ठुमरीच्या राणीचे छप्पर जात होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या, म्हणजे कीर्तीच्या वाटणीत पूर्व आणि पश्चिम दोघेही चुकतात, हे दिसते.

तेव्हा निवाडा असा करावा लागतो. गीते रचणारे आणि ध्वनिमुद्रणाची कला वाढविणारे म्हणून बीटल्सची कीर्ती योग्य आहे. भारतीय संगीताचे शोधक म्हणून त्यांना दिले जाणारे श्रेय त्यांचे नाही. ते इनायत खाँ, उदयशंकर, अल्लाउद्दीन खाँ, अली अकबर आणि रविशंकर यांचे, आणि वेष्टनावर नाव नसलेल्या अण्णा जोशींसारख्या वादकांचे आहे. परंतु एक श्रेय असे आहे, जे त्यांच्यापैकी एकाला द्यावयास हवे आणि जे त्याला सर्वांत कमी दिले गेले आहे. जगाने ज्याला शिखरावर बसविले होते, तो स्वतःहून खाली उतरून जमिनीवर मांडी घालून बसला, शिकला, कमी पडला, आणि कमी पडलो असे म्हणाला.

रामनगरच्या लीलेत आजही संवादापूर्वी ती आरोळी दिली जाते आणि गर्दी गप्प होते. शी स्टेडियमच्या कोलाहलातून आलेल्या त्या तरुणाच्या कानांवर ती आरोळी पडली होती. ज्याच्या वाट्याला लोकांचा एवढा आवाज आला, त्याला शांततेचे मोल कळले असेल, तर ते तेथेच कळले असेल. आणि एखाद्या कलावंताची योग्यता ठरविणाऱ्यांनाही त्या आरोळीहून अधिक काही सांगण्याची गरज नाही : आधी गप्प व्हावे, मग ऐकावे, आणि मगच मोल करावे.